चौऱ्याऐंशी जणांना पैकीच्या पैकी

प्राचार्य राजवर्धन घोरपड्यांनी कीर्ती मगदूमला संगणक प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं.

"मॅडम, चार मिनिटं! चार मिनिटांत एक पोरगी पाचच्या पाच कोडी सोडवून वडापाव खायला गेली. पेपर फुटलाय!"

"फुटेल कसा, सर? पेपर आधी तयारच नव्हता. कोडी मशीन जागच्या जागी बनवतं."

"मग मशीन फुटलंय."

कडेगाव रस्त्यावरच्या त्या तंत्रनिकेतनात कीर्ती तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, तो कागद सरांच्या टेबलावर सहीविना पडून होता. म्हणून तर तिनं अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून ते मशीन, म्हणजे खरं तर एक प्रोग्रॅम, तयार केलं होतं. तो आपणच कोडी काढायचा आणि पोरांची उत्तरं आपणच तपासायचा. प्रत्येक कोड्यात दहा आकडे. त्यातल्या किती जोड्यांची बेरीज अमुक इतकी येते? किती जोड्यांची वजाबाकी तमुक इतकी येते? हे मोजणारा प्रोग्रॅम मुलांनी लिहायचा, मशीन तो गुपचूप वीस वेगवेगळ्या आकड्यांवर चालवून बघणार. सातारा-सांगलीतल्या सहा कॉलेजांतून चौऱ्याऐंशी मुलं या स्पर्धेला आली होती. पहिल्याला लॅपटॉप होता.

मशीनची परीक्षाही तिनं नीट घेतली होती. एकच कोडं दोन वेगळ्या पद्धतींनी सोडवून बघायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहायचं. दोनशे वेळा केलं, दोनशे वेळा हिरवी खूण आली. उत्तर काय आलं, हे मात्र तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. जुळलं म्हणजे झालं!

वडापाव अर्धा टाकून आलेली मुलगी सरांच्या खोलीत उभी राहिली. पिंकी सावंत, कराडकडची, दुसरं वर्ष.

"कुणी सांगितली उत्तरं?" सरांनी दरडावलं.

"कुणी न्हाई, सर. मीच लिवली."

"उघडा हो मॅडम हिचा प्रोग्रॅम."

कीर्तीनं उघडला. पाचही कोड्यांना पिंकीनं एकेकच ओळ लिहिली होती. आकडे काहीही येवोत, उत्तर शून्य.

कीर्तीनं ती ओळ दोनदा वाचली. मग घाईघाईनं मशीनच्या पोटातली खरी उत्तरं काढली. शून्य. शून्य. शून्य. शंभरच्या शंभर शून्यं ओळीनं बसली होती. तिनं मशीनला सांगितलं होतं, एक ते एक कोटी यांतले कुठलेही दहा आकडे घे. त्यानं घेतले बिचाऱ्यानं. एवढ्या पसाऱ्यातून उचललेल्या दहा आकड्यांत जोडी कुठून जमणार?

"काय लिवलंय?" सर वाकले.

"एक ओळ आहे, सर."

"एका ओळीत पाच कोडी? म्हणजे फुटलाच! हिच्या कॉलेजला पत्र लिवतो आता."

पिंकीचा चेहरा उतरला. कीर्तीला सगळं दिसत होतं, पण टेबलावरचा तो कागदही दिसत होता ना!

"सर," ती कशीबशी म्हणाली, "नवीन आकडे काढून पुन्हा तपासू या का?"

तिनं नवे वीस संच काढले. मनात धावा चालू होता, देवा, एक तरी जोडी निघू दे. वीस हिरव्या खुणा टपाटप उमटल्या.

"आणखी काढा."

आणखी वीस. पुन्हा हिरवंगार.

सर हळूच खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "मॅडम, म्हणजे पोरगीनं चोरी न्हाई केली. आपल्या डोळ्यांदेखत एका ओळीत सोडवलं! आवं, ही लय मोठी बुद्धी हाय!"

"सर, तसं नाही…"

"बस बाळ, बस. भामाबाई, पोरीला चहा आणा!"

तेवढ्यात प्रयोगशाळेतून निकाल आला. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी मुलांना पैकीच्या पैकी गुण. बेरजेच्या जागी भागाकार करणाऱ्यालाही आणि ज्याचा प्रोग्रॅम मोजायला सुरुवातच करत नव्हता त्यालाही. सर उभे राहिले. "शंभर टक्के! शंभर टक्के निकाल, तोही बाहेरच्या पोरांसकट! भाऊसोंना सांगितलं पायजे."

भाऊसो म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ते बक्षीस द्यायला आलेच होते. दहा मिनिटांत सगळे सभागृहात जमले. सरांनी माईकवरून पिंकीचं असं कौतुक केलं की तिला कुठं बघावं कळेना. भाऊसोंनी लॅपटॉपचा खोका उचलला आणि विचारलं, "पोरी, एका ओळीत कसं जमवलंस गं? आमालाबी कळू दे."

पिंकीनं कीर्तीकडं बघितलं. एवढ्यात खोका दिला गेला तर सगळं निभावून जाणार होतं. सर खूश, अध्यक्ष खूश, पोरगी खूश.

कीर्ती उठली आणि तिनं माईक घेतला.

"साहेब, हिनं काही चोरलं नाही आणि काही जादूही केली नाही. चूक माझी आहे. माझ्या मशीनच्या प्रत्येक कोड्याचं उत्तर शून्य आहे. काहीही मोजलं तरी बरोबर येतंय."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"आसं कसं?" भाऊसो गोंधळले.

आता पिंकीला धीर आला. "आवं साहेब, अख्ख्या महाराष्ट्रातनं कुठलीबी धा माणसं उचलून आणली, तर त्यात दोगं नवरा-बायको निघतील व्हय? तसंच हाय हे. पयलं कोडं मी हातानं करून बघितलं, जोडी न्हाई. दुसरं बघितलं, न्हाई. म्हटलं, इथं कुणाचं लग्नच झालेलं न्हाई. लिवलं शून्य."

भाऊसो असे हसले की खोका त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिला. "जेवणं उरका," ते म्हणाले, "आन परत घ्या परीक्षा. खरीखुरी."

कीर्तीनं न जेवताच मशीनची दुसरी प्रत काढून तिला आकडे एक ते वीसमधलेच घ्यायला लावले. या खेपेला उत्तरं एकेक करून डोळ्यांनी पाहिली. जोड्या भरपूर निघत होत्या.

संध्याकाळी निकाल लागला. कुणी तीन-पाच आणि पाच-तीन ही एकच जोडी दोनदा मोजली होती, तर कुणी चाराची चाराशीच गाठ मारून दिली होती. चौऱ्याऐंशी जणांत सात जण उत्तीर्ण. लॅपटॉप साताऱ्याच्या एका मुलीला गेला. पिंकी सातवी आली. पंच्याण्णव मिनिटं घासून.

"सकाळचंच बरं हुतं, मॅडम," ती जाता जाता म्हणाली, पण हसत होती.

सरांनी कीर्तीला आत बोलावलं तेव्हा ती राजीनाम्याचं पहिलं वाक्य मनात जुळवूनच गेली. सरांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावर सही ठोकली आणि पुढं सरकवला. एक वर्षाची मुदतवाढ.

"सर?" कीर्तीनं ती सही पुन्हा एकदा वाचली.

"दार लावा जरा," सर म्हणाले आणि पुढं झुकून आवाज खाली घेतला. "ते सकाळचं मशीन… शंभर टक्केवालं. ते अजून हाय का तुमच्याकडं?"

"का, सर?"

"मार्चमध्ये तपासणी समिती येणार हाय. आपल्या पोरांची चाचणी त्यांच्यासमोर घ्यायची म्हंतो. तेच मशीन लावू."

भरल्या सभागृहासमोर खरं बोलून दमलेल्या कीर्तीनं सही केलेला कागद शांतपणे घडी करून पर्समध्ये ठेवला.

"ते मी दुपारीच पुसून टाकलं, सर," ती म्हणाली. बाहेर पडली आणि प्रयोगशाळेच्या दिशेनं जवळजवळ पळतच सुटली. पुसायचं अजून बाकी होतं.