गुल्हाने काकांचा पोटखराबा

मानवजातीची निम्मी भांडणं बांधावरून झाली आणि उरलेली निम्मी बांध नव्हता म्हणून, असं आमचे शेजारी दिनकरराव गुल्हाने यांचं मत आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि साम्राज्यांच्या उदयास्ताची याहून नेटकी मीमांसा मला अजून पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. फक्त काका हे सांगतात तेव्हा त्यांच्या हातात पेचकस असतो, समोर झाकण काढलेला संगणक असतो, आणि ज्या बांधाबद्दल ते बोलत असतात तो हार्ड डिस्कमधला असतो.

काका मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. अडतीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली. निवृत्तीनंतर आमच्या दारव्ह्यात माणसं एक तर देवळाच्या ट्रस्टवर जातात किंवा आपल्या साखरेबद्दल बोलू लागतात. काकांनी सुटे भाग मागवून स्वतःच्या हातांनी संगणक जोडला आणि त्यात विंडोज आणि मॅक असे दोन कारभार शेजारी शेजारी बसवले. मॅक खरं तर आपल्या घरच्या, म्हणजे कंपनीच्या, यंत्राबाहेर न नांदणारी. तिला घरी जोडलेल्या डब्यात नांदवायची म्हणजे रोज एक रुसवा काढणं आलं. काका तो काढत होते, पण ती अजून पुरती उठली नव्हती.

त्या डब्यावर त्यांनी डिस्कचा नकाशा चिकटवलाय. आलेख कागदावर, प्रमाणात काढलेला. गट नंबर एक, विंडोज. गट नंबर दोन, मॅक. मधे लाल शाईचा बांध. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही आहे. डिस्कची उत्तर कोणती, असं मी विचारलं.

"पंख्याकडची," काका म्हणाले. त्यांना प्रश्न अडाणीपणाचा वाटला असावा.

यंत्र बिघडलं की दुसरा कोणी हताश होतो, काका रजिस्टर काढतात. बोलताना अस्सल वऱ्हाडी असलेला हा माणूस लिहायला बसला की कचेरीची मराठी लिहितो. 'सदर यंत्र आज रोजी सकाळी अकरा वाजता चालू केले असता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली व तेथेच थांबली. मौका पाहणी केली. वायरी जागेवर आढळल्या.' खाली पंचांच्या सह्या. पहिला पंच मी. झाकण उघडलं की टॉर्च धरणं आणि पंचनाम्यावर सही करणं, एवढंच माझं संगणकज्ञान. दुसऱ्या पंच मालतीकाकू असायला हव्यात, पण त्या सही करत नाहीत.

"लग्नात एकदा मान हालवली, तेवढी पुरे झाली," त्या म्हणतात.

काकूंचा या उद्योगाला तात्त्विक विरोध होता. "दोन बायका करनारा बी दोन चुली मांडते. तुमी एकाच डब्ब्यात दोन संसार कायले कोंबून राह्यले?"

"हिस्से बरोबर पाडले तर भांडन होत नाही," काका पंख्यावरची धूळ फुंकत म्हणत.

मॅक कशाला हवी, हे मीही विचारलं होतं. "काम आहे," एवढंच उत्तर मिळालं. सरकारी माणूस 'काम आहे' म्हणाला की पुढे विचारायचं नसतं.

मग दसऱ्याच्या आसपास तो अपघात झाला. डिस्कचा हिशेब जुळवताना काकांना दोन्ही गटांच्या आधी एक चिमुकला तुकडा दिसला. एवढासा, आणि उघडून पाहावं तर आत ओळखीचं काही नाही. ज्याला शेतजमिनी ठाऊक आहेत त्याला अशा तुकड्याचं नाव शोधावं लागत नाही. नाला, खडक, जिथे पेरा होत नाही ती जागा म्हणजे पोटखराबा. काकांनी तो तुकडा पुसला आणि विंडोजच्या गटाला जोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं तर विंडोजही नाही आणि मॅकची ती पांढरी अक्षरंही नाहीत. पडदा काळा. काकांनी कुठे कुठे वाचून शोध घेतला तेव्हा कळलं की यंत्र जागं झालं की कोणत्या गटात कसं शिरायचं, हे त्या तुकड्यात लिहिलेलं असतं. म्हणजे तो पोटखराबा नव्हता. दोन्ही शेतांत जायची पांदण होती ती.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, अडतीस वर्सांत मी कोनाची पांदण बुजवली नाही. लोकायनं पाया पडून म्हटलं तरी बुजवली नाही."

मी म्हणालो, चुकून झालं. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चूक मोजणी करणाराची.' मी सही केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकूंनी मधल्या भिंतीवरून सांगितलं, आणि मग आवाज उतरवून बाकीचंही सांगितलं.

काकांची नात रेवा कॅनडात असते. वय नऊ. ती तिथल्या मॅकवर गाणी तयार करते. ढोल, बासरी, वर स्वतःचा आवाज. दोन वर्षांपूर्वी तिनं पहिलं गाणं आजोबांना पाठवलं. ती फाइल मॅकशिवाय उघडत नाही. काकांकडे तेव्हा फक्त विंडोज होती, तिनं ती उघडली नाही. संध्याकाळी फोनवर रेवानं विचारलं, आजोबा, ऐकलंत का. नातीसमोर आपल्याला जमलं नाही म्हणायचं काकांच्या जिवावर आलं.

"म्हनाले, आयकलं, उत्तम आहे, यात काही बी भर घालाची गरज नाही," काकू म्हणाल्या. "तवापासून सात गानी झाली. सातही उत्तम. एक बी आयकलं नाही."

"मग दुसऱ्या प्रकारची फाइल पाठव म्हणायचं."

"तर मंग पहिलीचं खोटं निघते ना, सर. थे शेरा मारतात आन् मंग खोडत नाहीत, तुमाले माहीत आहे. पोरगा नवा मॅक घेऊन देतो म्हने. त्यालेबी नाही म्हनाले. म्हने, तो विचारील कायले पायजे." काकूंनी पदरानं भिंतीवरचा कचरा उगाच झटकला. "दिवाळीत रेवा येऊन राह्यली. आल्याबरोबर आजोबाच्या कंपूटरवर सारी गानी वाजवतो म्हनते."

दिवाळीला तेव्हा अठरा दिवस होते.

पांदण पुन्हा पाडायला त्यातले नऊ गेले. काकांनी पेनड्राइव्हवर सगळं नव्यानं उभं केलं, एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि दहाव्या दिवशी आधी विंडोज उठली, मग पहिल्यांदाच पुरती मॅक. नकाशावर तो तुकडा आता हिरव्या शाईनं दाखवलाय, 'रस्ता, अडथळा करू नये.' मी टॉर्च विझवली आणि अभिनंदन केलं. काकांनी पहिल्या गाण्यावर क्लिक केलं. पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकू लागल्या. आवाज नाही.

घरी जोडलेल्या यंत्रात मॅकला आवाज फुटायला एक क्रमांक द्यावा लागतो म्हणे. कोणता, ते जो तो आपापल्या यंत्रापुरतं शोधतो. यादीतला एक घालायचा, यंत्र बंद करून चालू करायचं, ऐकायचं. नाही आला तर पुढचा. काका स्पीकरला असे कान लावत जसे लोक बोअरच्या पाइपाला लावतात. रजिस्टरमध्ये एकवीस वेळा 'निरंक' लिहून झालं. मी एकवीस सह्या केल्या. साम्राज्यं याहून कमी कागदावर बुडालेली आहेत.

बावीस क्रमांकाला ढोल वाजला.

काकू हातातली वेलची तशीच घेऊन दारात आल्या. ढोल, मग बासरीसारखं काहीतरी, मग रेवा. 'आमच्या मांजरीचं नाव सोमवार.' काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांचा एक हात डब्यावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. 'सोमवार, सोमवार, बोल ना जरा.' आणि गाणं एकदम थांबलं. तीन ठेके नुसती शांतता. मग ढोल पुन्हा सुरू.

"हे काहून थांबलं?" काका म्हणाले. "अजून काही बिघडलं?"

बिघडलं काही नव्हतं. मी पडद्यावर बोट दाखवलं. प्रत्येक वाद्याची एक पट्टी होती आणि सगळ्यांच्या खाली एक ओळ रिकामी होती. तिला रेवानं देवनागरीत नाव दिलं होतं, 'आजोबा'.

काकांनी दुसरं गाणं उघडलं. ते आगगाडीचं होतं. शिट्टी यायला हवी तिथे शांतता, आणि खाली तीच ओळ. तिसऱ्यात, चौथ्यात, सातही गाण्यांत. दोन वर्षं ती पोरगी आजोबांसाठी जागा सोडून गाणी पाठवत होती, आणि आजोबा कळवत होते की यात काही भर घालायची गरज नाही.

आता सगळं चालू झालं होतं. काका गप्प बसले असते तरी त्यांचं खोटं दिवाळीत पकडलं गेलं नसतं. एवढं मी मनात मांडतो आहे तोवर त्यांनी शर्टाच्या वरच्या गुंड्या लावल्या आणि फोन लावला. आमच्याकडे सकाळ होती, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

"रेवा, मी तुयी गानी आयकली नव्हती," ते म्हणाले. "एक बी नाही. आज आयकली."

पलीकडून रेवा म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला म्याँव करायची लाज वाटते."

"थे तर वाटतेच," काका म्हणाले.

"करणार का पण?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चकडे पाहिलं.

त्यांनी माइकवाला हेडफोन कानांवर चढवला, घसा साफ केला, पाठ ताठ केली. ज्या आवाजात ते भरल्या शिवारात चतुःसीमा वाचत, त्याच आवाजात त्यांनी म्याँव म्हटलं. मांजरीला नोटीस बजावल्यासारखं. दुसरं जरा सैल झालं. तिसऱ्याला आवाज मधेच चिरला, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. दारातून काकू म्हणाल्या, "असं मांजर असते काय, बाप्पा. सरका तिकडे." आणि माइक स्वतःकडे ओढला.

एकंदर चार म्याँव कॅनडात गेले. रेवानं ऐकून शेवटचं ठेवलं, आजोबा एकदम खरी मांजर वाटताहेत असं कळवलं. काकांनी अजून तो शेरा दुरुस्त केलेला नाही.