गाठ नेमकी कुठे?

क्रेनवाला सत्तर मीटर उंचावरच्या केबिनमधून लोखंडी गर्डर असे उचलायचा, जणू चिमट्याने साखरेचे दाणे वेचतोय. "भीती? ती काय असते बुवा?" हे त्याचं आवडतं वाक्य. म्हणूनच त्याने बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं, "तू काही करू नकोस. नसबंदी मी करून घेतो!"

पर्यायही फार नव्हते. बाळंतपणानंतर बायकोच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर काट मारली होती. उरली तांबी, निरोध आणि नसबंदी. इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, हेही त्यांनी बजावलं होतं. तेव्हापासून बायकोने अशी धास्ती घेतली की नवरा नुसता टॉवेल शोधत जवळ आला, तरी ती तीन महिन्यांच्या पोरीला उचलून दुसऱ्या खोलीत जाई.

बढाई मारून झाली आणि दुसऱ्याच दिवशी शिडी चढताना क्रेनवाला दर पायरीला थांबू लागला. टेबलावर कागद कापायची कात्री दिसली तरी घाम फुटू लागला. तशातच तो रजा मागायला फोरमनकडे गेला.

"रजा कशाला?"

"छोटंसं ऑपरेशन आहे."

"कसलं?"

आजूबाजूला दहा-बारा कामगार कान टवकारून उभे! "गाठ आहे," तो पुटपुटला.

"कुठे?"

त्याने छातीपासून गुडघ्यापर्यंत मोघम हात फिरवला. फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला.

"एवढी मोठी?"

जेवणाच्या सुट्टीत गाठ कलिंगडाएवढी झाली, चहाच्या वेळी ती पोटभर पसरली, आणि क्रेनवाला घरी पोचला तेव्हा दारात त्याची आई उभी! फोरमनने तिला फोन केला होता.

"माझ्यापासून लपवलंस रे! डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"दोन," त्याने रजेचे दिवस सांगितले.

आई मटकन खाली बसली.

शेवटी बायको म्हणाली, "आई, गाठबिठ काही नाही. हे नसबंदी करून घेणार आहेत."

क्रेनवाल्याने डोळे गच्च मिटले. आता आई घर डोक्यावर घेणार! पण आईने पदराने डोळे पुसले. "मग हा एवढा थरथरतोय का?"

"घाबरलेत."

"आणि तू गं?"

एवढं विचारायचा अवकाश, बायकोचा बांध फुटला. "रोज वाटतं, पुन्हा तसंच झालं तर पोरीकडे कोण बघणार?"

तीन महिन्यांत हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. तो तिच्याशेजारी बसला. "गुठळी झाली म्हणून तुला दवाखान्यात आत नेलं ना, त्या दिवसापासून मीही घाबरलोय," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पोरीसकट अख्खी वरात दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसबंदी कायमचीच समजायची. शिवाय लगेच लागू पडत नाही, तीन महिने जातात. पुढे दुसरं मूल हवंय?"

"छे, नको!" क्रेनवाला.

"कदाचित," बायको.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"हे घरी बोलला नाहीत?" बाईंनी कपाळाला हात लावला आणि इवलीशी तांबी बायकोच्या तळहातावर ठेवली. "ही हवी तेव्हा काढता येते."

"दुखेल?"

"बसवताना कळ येईल. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तही जास्त जाऊ शकतं."

कोणीतरी सरळ सांगितलं म्हणूनच बायकोला जरा धीर आला. "तांबीच बसवा."

"रक्त तपासून पुढच्या आठवड्यात बसवू. तोवर निरोध."

क्रेनवाल्याने असा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले.

बाहेर आल्यावर तो ताठ मानेने औषधांच्या दुकानात गेला. तिथे गर्दी! परत आला तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन. पुन्हा पाठवला, तर कापूस घेऊन आला.

मग आईने पोरीला त्याच्या हातात कोंबलं, गर्दीतून वाट काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक निरोधचं पाकीट द्या! मोठं द्या! मुलगा लाजतोय माझा, तो बघा, तो तिकडे!"

अख्खी रांग वळून बघू लागली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बायको पोट धरधरून हसली. क्रेनवाल्याने पोरीच्या टोपीआड तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण त्या टोपीमागे त्याचं नुसतं नाकच मावलं.