पांढऱ्याचा शोध ऊर्फ पिवळ्या बाळाची मोहीम

श्रीमंत वाचकांचे चरणी बखरनविसाचा दंडवत ऐसा जे, पांढऱ्यास पांढरे म्हणण्याकामी एका घरात जे रण माजले, त्याची हकिकत मागाहून कोणी पदरचे तिखटमीठ लावून सांगू नये, म्हणून यथास्थित लिहून ठेवितो. ऐकावे.

राजश्री बापराजे चष्म्याच्या दुकानी तमाम रयतेची नजर तपासणारे, स्वतः नजरेचे मोठे पक्के, निदान ऐसा त्यांचा समज. त्यांस नुकतेच कन्यारत्न जाहले, आणि त्या खुशीत त्यांनी भला थोरला कॅमेरा खरीद केला, आणि निजल्या कन्येची तसबीर काढून दूर मुलखी मातुश्रींकडे रवाना केली. मग मातुश्रींचे फर्मान तात्काळ आले: "बाळ पिवळं दिसतंय. कावीळ आहे. मी येते." बाळ ठणठणीत आहे ऐसा डॉक्टरांनी निर्वाळा दिला होता, तो मातुश्रींनी खारिज केला, आणि कपाटावरून बॅग उतरविली.

हे वर्तमान ऐकोन राणीसाहेब कष्टी जाहल्या. हे पहिले थोडके दिवस तिघांनीच राहावे, कोणी उठता बसता सल्ला देऊ नये, ही त्यांची एकच मागणी, आणि बापराजांनी शब्द देऊन ती कबूल केली होती. मातुश्री काही गनीम नव्हेत, मायेचा समुद्रच. परंतु समुद्र घरात शिरला म्हणजे घरच्यांस माळ्यावर बसावे लागते. सबब तसबिरीतील पिवळेपण हटविणे, आणि मातुश्री गाडीत बसण्याआधी हटविणे, यावर सारी मदार येऊन ठेपली.

खोलीस खिडकी होती, परंतु ती शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. म्हणून भर दुपारीही कोपऱ्यातील दिवा जळे, आणि त्याचा पिवळा उजेड पाळण्यावर पडे. फ्लॅश मारू नये, आणि बाळ मोठ्या मिनतवारीने निजले आहे तरी पाळण्यास कोणी हात लावू नये, ऐसा राणीसाहेबांचा सख्त हुकूम सुटला. मग बापराजांनी कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक उघडिले, आणि त्यात तजवीज सापडली ती ऐसी: व्हाइट बॅलन्स यंत्राच्या मर्जीवर सोडू नये, त्याच उजेडात पांढरी वस्तू धरून तिचा फोटो काढावा, आणि यंत्रास बजावावे की बाबा रे, यास पांढरे म्हणतात, मग बाकीचे रंग आपसूक ठिकाणावर येतात.

आता पांढरे आणावे कोठून? बापराजांनी घर पालथे घातले. सदरे पाहिले तो सायीच्या रंगाचे, उशीचे अभ्रे लाल मोज्यांसंगे धुतल्याने गुलाबी. मग दोरीवरचे लंगोट नजरेस पडले, खुद्द बापराजांनी धुतलेले, आणि त्यांची छाती फुलून आली. लंगोट दिव्याखाली धरिला, कळ दाबिली, यंत्राने कबूल केले, आणि तसबीर काढून पाहतात तो कन्या पिवळीची केशरी जाहलेली. दुसरा लंगोट आणिला, आणखी एक आणिला. हर लंगोटागणिक कन्या पिकतच चालली. बापराजांच्या तोंडचे पाणी पळाले. इतक्यात मातुश्रींचा खलिता आला की, तिकीट काढले.

तेव्हां राणीसाहेब पलंगावरून उठल्या, आणि लंगोट घेऊन खिडकीशी गेल्या. "हे तूच धुतलेस ना? नीळ किती ओतलीस? आकाश झालंय याचं." झाकणभर पुरे असता बापराजांनी अंदाजपंचे ओतली होती, आणि यंत्र बिचारे निळ्यास पांढरे समजून सगळीकडचे निळे काढीत आणि पिवळे वाढवीत गेले. नजरेचे पक्के बापराजे मान खाली घालून उभे राहिले.

मग राणीसाहेबांनी खणातून एक न उघडलेले पाकीट काढिले. त्यात मातुश्रींनी विणून धाडिलेले टोपडे, बापराजांच्या धुलाईतून वाचलेले घरातील एकुलते एक पांढरे वस्त्र. ते दिव्याच्या उजेडात धरिले, कळ दाबिली, मग कन्येवर कॅमेरा रोखिला, आणि काय वर्णावे! चादर चादरीच्या रंगाची, पाळणा पाळण्याच्या, आणि कन्या जन्मली तशी, गालांवर गुलाबी. राणीसाहेब किती दिवसांनी हसल्या. बापराजे खोलीभर आवाज न करिता नाचले, आणि त्याच बेहोशीत टायमर लावून, आपलेही तोंड पाळण्याशेजारी घुसवून, विजयाची तसबीर रवाना करिते जाहले.

मातुश्रींचे उत्तर आले: "बाळ अगदी छान आहे. पण तू असा पांढराफटक का पडलायस? झोपत नाहीस का? मी येतेच."

बापराजांनी भीतभीत फोन राणीसाहेबांपुढे धरिला. त्यांनी तसबिरीतील नवऱ्याकडे पाहिले, मग समोरच्याकडे पाहिले, आणि दोहोंत काडीचा फरक नव्हता.

"येऊ देत," त्या म्हणाल्या. "मलाही झोप हवीय."

मातुश्री दाखल जाहल्या, चपला काढिल्या, पाळण्यात डोकावून डोळे पुसले, मग कोपऱ्यातील दिव्याकडे पाहिले, आणि स्वयंपाकघरातील पांढरा बल्ब आणून तेथे लाविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती विजयाच्या सदरी रुजू असे. बल्बाचे कलम तेवढे खोडून टाकावे, ऐसी बापराजांनी बखरनविसास आज्ञा केली; परंतु आज्ञा पुरी होण्याआधीच त्यांस झोप लागली, म्हणून राहिले.