गिरणीच्या सुरावरचा सोलो

मल्लिनाथअप्पांकडे गिटारचा सोलो शिकायला जाणाऱ्याच्या पाच तारा पहिल्याच दिवशी काढून घेतल्या जातात. माझ्याही घेतल्या. एक जाड तार ठेवली, बाकीच्यांची गुंडाळी करून रिकाम्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "एका तारेवर नीट बोलता येईना, अन् सहा घेऊन गर्दी कशाला करायलाव?"

अप्पांची मुरुम गावात पिठाची गिरणी आहे. तरुणपणी ते सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्न झालं, वडील थकले आणि अप्पा गिरणीवर आले. त्यांच्या कपाळावरची विभूती कुठे संपते आणि पीठ कुठून सुरू होतं हे सांगणं अवघड आहे. गिटार मात्र चकचकीत, जुन्या धोतरात गुंडाळून खुंटीला टांगलेली.

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो आणि गिटार वाजवतो, दोन्ही भरधाव. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये दोन कडव्यांच्या मधे गिटारने एकट्याने वाजवायचा तुकडा, म्हणजे सोलो, माझ्याकडे होता. मोबाइलवर बघून बघून बोटं पळवायला शिकलो होतो. ती इतकी पळाली की गाणारे हेडक्लार्क पुढचं कडवं कुठे धरायचं ते शोधत, तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. पोरं अजून वर्गात मला तसं तोंड करून दाखवतात. यंदा मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं, "सर, ही शेवटची संधी. नाही जमलं तर पुढच्या वर्षी सोलोच्या जागी सत्काराची नावं वाचू." नाक कापून घ्यायची एवढी चोख व्यवस्था झाल्यावर मी अप्पांचे पाय धरले.

अप्पांचा तानपुरा म्हणजे गिरणीची मोटर. तिच्या घुमण्याशी तार जुळवायची आणि त्यावर वाजवायचं. ऐकू यावं म्हणून पिठाच्या डब्यावर एक लहान स्पीकर. "मोटर म्हंजे घर. गावभर हिंडा, पर घरी या," हा त्यांचा पहिला नियम. दुसरा, कुठलाही सूर आधी तोंडाने गायचा. "जे तोंडात न्हाय ते बोटात कुठून येईल?" ज्वारी दळताना मोटर सरळ घुमते, हरभऱ्याची डाळ पडली की कण्हते, म्हणून नवशिक्याला फक्त ज्वारीवर वाजवायची परवानगी. दुपारी व्होल्टेज उतरलं की मोटरचा सूरही उतरायचा. मग अप्पा शांतपणे गिटारची खुंटी पिळत म्हणायचे, "घर खाली सरकलं, आपण बी सरकायचं. तक्रार लाइनमनकडं करा."

आणि मी जरा रंगात आलो की, "साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. अप्पा शिकवतात मराठीत आणि थांबवतात कन्नडमध्ये. पहिले पंधरा दिवस मी या एका शब्दापलीकडे काहीही शिकलो नाही.

दळणाला आलेल्या बायका आमच्या परीक्षक. एक म्हातारी तर डोक्यावर डबा घेऊन निघता निघता म्हणाली, "सर, लई लांब गेलाव. माझं दळण झालं, तुमी अजून घरी आला न्हाईत."

दोन महिन्यांनी मला तीन सुरांत बरं बोलता यायला लागलं, तेव्हा कुठे बाकीच्या पाच तारा परत मिळाल्या. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी गेलो तर वीज गेलेली, गिरणी बंद. अप्पांनी मागच्या घरात बोलावलं. "शेवटची परीक्षा हिच्यापुढं," असं म्हणून त्यांनी बायकोकडे बोट केलं. नीलाक्का हसून समोर बसल्या आणि त्यांनी माझ्या गिटारच्या लाकडावर तळहात ठेवला.

सहा तारांच्या आनंदात मी जुनी सगळी पळापळ करून दाखवली. त्यांनी हात काढून घेतला आणि झटकला. "मुंग्या आल्या," म्हणाल्या.

"तिला ऐकू येत न्हाय, सर," अप्पा म्हणाले. "तीस वर्सं मोटरीशेजारी बसून पीठ भरलं तिनं. कान गेले. डॉक्टरनं मशीन दिलं, त्यात नुसती खरखर येतीया. हाताला मात्र समजतंय. जाड तार, लांब सूर, मधी थोडी जागा. तेवढंच समजतंय, म्हणून म्या तेवढंच वाजवतो."

जी मी ऑर्केस्ट्रातली विद्या समजून घोकत होतो, ती अप्पा या बाईच्या तळहाताकडून शिकले होते. मी पुन्हा वाजवलं, सावकाश. या वेळी हात लाकडावरच राहिला.

"उद्या दोघंही या," मी म्हणालो.

अप्पांनी मान हलवली. "गाण्याच्या कार्यक्रमाला जाऊन दहा वर्सं झाली. ही गप बसणार अन् म्या एकटा ऐकणार, ते मला जमत न्हाय."

तरी आले. शाळेचं स्टेज बाकांवर फळ्या टाकून केलेलं असतं. मी माझा स्पीकर फळ्यांवर आडवा ठेवला आणि नीलाक्कांना अगदी कडेला खुर्ची दिली. त्यांनी आपणहून फळीवर तळहात टेकला. सोलोत मी नऊएक सूर वाजवले असतील. हेडक्लार्क कडव्यावर नेमके आले. नंतर मुख्याध्यापक म्हणाले की छान झालं, पण आखूड झालं.

अप्पांना कसं वाटलं ते मी विचारलं नाही. वाजवताना मी दोन-तीनदा त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांचं लक्ष ना माझ्याकडे होतं, ना माझ्या बोटांकडे. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिची मान डोलली की मगच त्यांची डोलत होती.