कुत्र्याच्या आधी मी

शेवटची धड गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली ती अशी : डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका दुकानात मी टेबलावर हात-गुडघे टेकून जनावरासारखा उभा राहिलो आणि माझ्या बायकोने माझ्या मानेवर कुत्री सुकवायचं मशीन सोडलं.

माझं वय सत्तरीच्या पुढचं. दुकानात गिऱ्हाईक होतं.

"कान जळतोय," मी म्हणालो.

"जळतोय का नुसता गरम लागतोय? नीट सांगा. कुत्र्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं, तर जरा उपयोग करा त्याचा."

दुकानदार गुजराती, भला माणूस. तो म्हणाला, "मासी, काकांना खाली उतरवा ने. लोक बघतात."

"बघू देत. फुकटात कळेल त्यांना मशीन कसं आहे ते."

आमची सुमन अशी होती. तिला सगळे विक्षिप्त म्हणायचे, मीही म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. कुठलीही वस्तू घ्यायची तर तिचं एकच पालुपद : "ज्याच्या अंगाला लागणार, त्याला विचारलंत का?" कुत्रा काही सांगत नाही, म्हणून ती मला विचारायची.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं टेंपो चालवला, वाड्यांमधले चिकू भरून आणले. सुमनने एका वाडीतल्या बंगल्यावर तीस वर्षं काम केलं. तिथे पाच-सहा कुत्री. त्यांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं सगळं तिच्याकडे. मालक वारले, बंगल्याला कुलूप लागलं, पण तिला विचारणारे थांबले नाहीत. समुद्राकडच्या बंगलेवाल्यांचे फोन यायचे : मावशी, आमच्या कुत्र्याला बघता का? एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, तुमचा टेंपो नुसता उभाच आहे. त्यात न्हाणीघर करू. आपणच दारोदार जाऊ."

"लोक हसतील."

"हसू देत. त्यांना कुठे आंघोळ घालायचीय?"

झालं. त्या दिवसापासून मी कुत्रा झालो.

आधी फळी आणली. चिकूचे क्रेट चढवायला आम्ही टेंपोला फळी लावायचो, तशीच, पण रुंद. तिच्यावर काथ्याचं पायपुसणं ठोकलं आणि मला म्हणाली, "चढा." माझे गुडघे गेलेले. मी कुरकुर केली. "म्हणूनच तर," ती म्हणाली. "म्हाताऱ्या कुत्र्याचेही गुडघे गेलेले असतात. तुम्ही चढलात तर कुणीही चढेल." मी तीनदा घसरलो. तीनदा फळीचा उतार कमी झाला.

मग जनरेटर. वापीहून एक माणूस दाखवायला घेऊन आला. हिने मला टेंपोत बसवून दार लावून घेतलं आणि जनरेटर सुरू केला. पाव तासाने बाहेर काढलं. पुढचे दोन दिवस मी सगळ्यांशी ओरडून बोलत होतो. जनरेटर परत गेला, बॅटरी आली. केस कापायच्या मशीनने माझ्या दंडावर चार बोटं रुंद पट्टा भादरला, पातं किती तापतं ते बघायला. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काका, ऑपरेशन झालं का?" म्हटलं, "नाही. बायकोने सोललं."

हसून झालं की मी तिला विचारायचो, एवढं कशाला? दुकानदार सांगतोय ना चांगलं आहे, घे आणि मोकळी हो. तेव्हा ती लाडूचं नाव घ्यायची.

लाडू म्हणजे तलासरीच्या राऊतबाईंचा कुत्रा. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. लाडू तेरा वर्षांचा, अंगभर लांब केस. बाईंच्या घरामागे चिकूची झाडं आहेत. तोडलेल्या कच्च्या चिकूच्या देठातून पांढरा चीक गळतो, तो केसाला लागला की डिंकासारखा धरतो. त्यावर माती, पाचोळा. लाडूच्या कानामागे आणि पोटाखाली असे गोळे झाले होते की चालताना कातडी ओढली जायची, खाली जखमा. मशीनचा आवाज ऐकला की चावायचा. डॉक्टर म्हणाले, बेशुद्ध करून सगळं कापावं लागेल, पण या वयात जागा होईलच असं सांगू शकत नाही.

सुमनने बाईंना फोनवर सांगितलं, "बेशुद्ध नका करू. मी येते. जागेपणी सोडवते." तेव्हापासून दोघींचा रोज फोन. मी म्हणायचो, कुत्र्याची तब्येत विचारायला अर्धा अर्धा तास लागतो काय?

मग शाम्पूची पाळी आली. शहरातले शाम्पू, बाटलीवर कुत्र्याचे फोटो. "यांना चीक माहीत आहे का?" असं म्हणून तिने कच्चा चिकू देठापाशी कापला आणि माझ्या डोक्याला चोळला. वर मूठभर माती. वाळेपर्यंत मला उन्हात बसवलं. मग एकेक बाटली. पहिलीने फेस झाला. दुसरीने वास आला. तिसरीने डोळे चुरचुरले. चीक जागच्या जागी. शेवटी ती आत गेली, खोबरेल कोमट करून आणलं आणि बोटांनी एकेक केस सोडवत बसली. तास-दीड तास. मी शिव्या घालत होतो, आणि ती कमालीची खुशीत. मला वाटलं, चिकावरचा उपाय सापडला म्हणून.

सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी दुकानातून आम्ही हळू आवाजाचं, लहान मशीन घेतलं. मोठं तिने नाकारलं. मी कान जळतोय म्हटलं होतं. घरी आलो, दुपार झाली होती. ती पायरीवर बसली. "दम लागलाय हो. जरा बसते." मी पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरून बाहेर आलो तोवर सगळं संपलं होतं.

याच्यापुढे मला लिहिता येत नाही, म्हणून थेट तेराव्याचं लिहितो.

तेराव्याला राऊतबाई बसने आल्या. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. जेवण झालं, माणसं पांगली, बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, लाडूला सोमवारी डॉक्टरांकडे नेतेय, आता दुसरा उपाय नाही. मला नीट बोलता येतच नाही. मी म्हणालो, "तुमच्या त्या कुत्र्यापायी तिने माझ्या डोक्याला चीक फासला होता. तेव्हा कुठे कळलं, तो तेलाने निघतो."

बाई म्हणाल्या, "तेलाचं तर त्यांनी मला पहिल्याच फोनला सांगितलं होतं. बंगल्यावर तीस वर्षं तेच करत होते म्हणाल्या."

"मग माझं डोकं कशाला खराब केलं?"

बाईंनी पदर सारखा केला. "मीही त्यांना हेच विचारलं होतं. हसल्या. म्हणाल्या, लग्न झाल्यापासून यांच्या डोक्याला तेल लावायची हौस आहे मला. हात लावू देत नाहीत. मी काय लहान पोर आहे का म्हणतात. आता कुत्र्याचं नाव काढलं की मुकाट बसतात."

मी उठलो आणि टेंपोत जाऊन बसलो. आमची पोरगी मागून आली, म्हणाली, "बाबा, काय शोधताय?" म्हटलं, काही नाही. थोड्या वेळाने बाहेर आलो आणि बाईंना म्हणालो, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो घेऊन तलासरीला गेलो. फळी लावली. लाडू चढला नाही, लांबूनच गुरगुरला. मी कुठलंच मशीन सुरू केलं नाही. तेलाची वाटी घेऊन अंगणात खाली बसलो. गुडघ्यांनी बोंब मारली. बऱ्याच वेळाने तो जवळ आला. कानामागे तेल लावलं तसा मनगटाला चावला. फार नाही. बाई धावल्या. म्हटलं, असू दे, मीही शिव्याच घालत होतो.

मला तिच्यासारखं येत नाही. तिची बोटं बारीक, माझी स्टिअरिंगची. एक गोळा सुटायला दुपार झाली. आतली कातडी लाल होती, पण वाहत नव्हती.

"दिवसभरात एकच कान झाला, काका," बाई म्हणाल्या.

"उद्या दुसरा. डॉक्टरांना सोमवारचं नको म्हणून सांगा."

लाडूने मोकळा झालेला कान दोनदा झाडला. मग दुसरा कान माझ्याकडे करून तो आडवा झाला.