सहादूला गॅस झाला

सायखेड्यात पहिला गोबर गॅस आपलाच, असं सहादूनं पारावर जाहीर केलं तेव्हा लोक हसले. हसू देत. सहादूचा जीव तिकडे दिंडोरीत अडकला होता. त्याची बायको चांगुणा होळीला माहेरी गेली ती परतलीच नव्हती. जाताना म्हणाली होती, "चुलीच्या धुरानं डोळे जायची येळ आली. धूर जाईल तवाच येईन."

सहादूनं ते मनावर घेतलं. परसात खड्डा खणून आतून बांधून घेतला, वर नाशकातून आणलेली लोखंडी टाकी पालथी घातली. रोज शेण कालवायचं, आत ओतायचं आणि टाकी वर उचलली जाते का ते बघत बसायचं. "ऊठ गं बाई," असं तो टाकीला विनवायचा. टाकी ढिम्म. दोन बैल, एक म्हैस, शेण असून असून किती असणार! शेवटी त्यानं कांदाचाळीतला सडका कांदा ठेचून आत लोटला. अख्ख्या गल्लीनं नाकाला पदर लावला, पण काही दिवसांनी टाकी हलली, वर आली. शेगडी पेटवली तर निळी ज्योत. आनंदाच्या भरात सहादूनं कुदळ घेतली आणि जुनी चूल फोडून टाकली.

तेवढ्यात गावातल्या इब्राहिमचा टेम्पो दिंडोरीला निघालेला दिसला. सहादू मागं धावला. "चांगुणाला निरोप दे. म्हणावं, सहादूचा गॅस झाला, लगेच ये."

इब्राहिमनं निरोप चोख पोचवला. फक्त एका अक्षराची गफलत केली. "सहादूला गॅस झाला, लगेच ये," तो म्हणाला.

दुपारच्या एस.टी.नं चांगुणा घामाघूम होऊन उतरली. हातात हिंगाची पुडी, मागं ओव्याचा डबा घेऊन तिची आई नवसाबाई.

"निजा आधी," चांगुणा म्हणाली.

"अगं, पण..."

"बोलू नका. बोललं की पोटात वारा जातो."

तिनं पाण्यात हिंग कालवून त्याच्या बेंबीभोवती लावायला घेतला. किती दिवसांनी तो हात लागत होता, बांगड्या वाजत होत्या. खरं काय ते सावकाश सांगू, असं सहादूनं ठरवलं आणि थोडा कण्हला.

चांगुणा ओवा उकळायला आत गेली. "चूल कुठं गेली?"

"जावयांच्या डोक्यात चढला वाटतं गॅस," नवसाबाई म्हणाली.

सहादू तसाच उठला. शेगडीची चावी फिरवून काडी ओढली. "मला नाय, घराला गॅस झालाय. बघ, धूर नाय. आता ऱ्हाशील ना?"

चांगुणा ज्योतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"धूर नाय, मग रडती का?"

"होळीपासून येष्टी वाजली की दारात येत व्हते मी. तुमी नुसतं 'ये' म्हनला असता, तर त्याच धुरात येऊन बसले असते."

एवढं शेण कालवलं, पण त्याआधी हा एक शब्द सहादूला सुचला नव्हता. तेवढ्यात ज्योत फुरफुरली आणि विझली. टाकी पुन्हा खाली बसली होती.

चांगुणानं पदर खोचला, अंगणात तीन दगड मांडले आणि काटक्या पेटवल्या. सगळा धूर सहादूच्या तोंडावर येत होता. डोळ्यांतून धारा लागल्या तरी तो तिच्यासमोरून हलला नाही.

"पोट कसं हाय?" तिनं विचारलं.

"दुखतंय अजून," सहादू म्हणाला. "हिंग लाव."