तीन विलायती रेकॉर्डी आणि मेहुणीचं लग्न

कोणाला कोणतं गाणं लागू पडेल, हे मला चेहऱ्यावरून कळतं. (बायकोचा चेहरा सोडून.) अमरावतीच्या कचेरीत मी फायली सांभाळतो, पण माझी खरी विद्या हीच. एक टुरिंग टॉकीज बुडाली, तेव्हा तिच्या सामानातून मी फोनो आणि तीन विलायती रेकॉर्डी उचलल्या. एक जाझची, तुतारीगत वर वर चढणारी. दुसरी रॉकची, नुसता धांगडधिंगा. तिसरीत एक साहेब स्वतःच रचलेलं गाणं गिटारवर एकटाच म्हणतो. हेडक्लार्कची बढती हुकली, तेव्हा मी त्यांना हा गिटारवाला सुचवला, घरी नेऊन ऐकवलाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी रजा नामंजूर केली.

"तुमच्या गान्यानं शेजारची गाय आटली," बायको कौशल्या म्हणते. पण रेकॉर्डींवरची धूळ रोज तीच पुसते, हेही सांगायला हवं.

त्रेसष्ट साली धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं, तेल्हाऱ्याला. सासरे खुशालराव यांनी या जावयाला कधी बरं म्हटलं नव्हतं. यंदा म्हणवून घ्यायचंच, असं ठरवून मी आठवडाभर आधीच फोनोसकट हजर झालो आणि भोंगेवाल्याला बाजूला सारून त्याच्या भोंग्याला माझा फोनो जोडला.

गोरज मुहूर्त होता. अंतरपाट धरला गेला. नवरीला आणायला तिचे मामा पुंजाराम उठले. या क्षणाला जाझच हवं, असं मनाने घेतलं आणि मी सुई टेकवली.

अख्खा मांडव उठला. बायका पोरं काखोटीला मारून निघाल्या, म्हातारे पटके सावरत धावले. सगळ्यांच्या पुढे मामा.

"आग लागली का कुठे?" मी विचारलं.

"तिकिटं सुटली," कौशल्या कपाळाला हात लावत म्हणाली. "या रेकॉर्डी आमच्या गावच्या शिनेमाच्या तंबूतल्या हायेत. हे वाजलं का खिडकी उघडे. दोन सालापासून तंबू आला नाही, मंग लोकं पळतीन नाही तं काय?"

मामांशिवाय नवरी येणार कशी? भटजी सूर्याकडे बघत होते, सासरे माझ्याकडे. (नवरदेवही चुळबुळत होता, त्यालाही पिक्चर बघायचा असावा.) दारात उभ्या मेहुणीचे डोळे भरले आणि मी कौशल्येकडे वळलो.

"आता काय लावू?" जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याला गाणं विचारलं.

"तो रडका सायेब लावा. मशीन बिघडली का तोच वाजे."

गिटारवाला सुरू झाला आणि तंबूच्या रिकाम्या मैदानावरून माणसं कुरकुरत परतली. "मशीन बिघडली वाट्टे. उद्या पाहू," म्हणत मामांनी नवरीला आणलं. लग्न वेळेवर लागलं. मेहुणी हसली तेव्हा मला खरंच भरून आलं, आणि कौशल्येने गर्दीत हळूच माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. अजून आठवडाभर मुक्कामाचा बेत करून मी ओसरीवर लोडाला टेकलो होतो. सासरे जवळ येऊन बसले.

"जावईबुवा, एक गानं मी सुचवू का?"

माझा कानांवर विश्वास बसेना. "सुचवा ना!"

"ते धांगडधिंग्याचं लावा. मले लय आवडते."

मी रॉक लावलं आणि डोळे मिटून ताल धरला. अखेर सासऱ्यांना माझी पारख पटली होती. डोळे उघडले, तर दारात कौशल्या दोन्ही पिशव्या घेऊन उभी.

"कुठे निघालीस?"

"हे वाजलं का खेळ सुटला, आपापल्या घरी जायचं," ती म्हणाली. "उठा आता. बाबानं दमनीबी जुंपून ठेवली हाय."